बायजाच्या कानामागचा नादकाटा

मी नादकाटा. नाव ऐकून पाय मागे घेऊ नका, टोचणारा काटा नाही मी. मला दोन जाडजूड दात आहेत आणि खाली धरायला एक दांडी. कशावर तरी हलकेच आपटलं की माझे दात थरथरतात आणि मी गातो. गातो म्हणजे काय, एकच सूर काढतो. जन्मापासून तोच. दांडीवर २५६ असा आकडा कोरलाय. म्हणजे एका सेकंदात मी दोनशे छप्पन वेळा थरथरतो. तुमच्या तोंडून "एक" निघेपर्यंत माझं एवढं काम झालेलं असतं, आणि तरी लोक म्हणतात, हा काय नुसता पडून असतो.

माझा जन्म लांब तिकडे अंबाल्याचा. शाळांच्या प्रयोगशाळेत लागणाऱ्या वस्तू करणारा एक कारखाना होता. तिथला कारागीर माझ्या टोकावर कानस मारायचा, मला वाजवायचा, कान लावून ऐकायचा आणि पुन्हा मारायचा. असं दिवसभर चाललं. शेवटी एकदा मान डोलावून त्यानं मला बाजूला ठेवलं. त्या मान डोलावण्याचा मला अजून अभिमान आहे.

आम्ही आठ भाऊ. निळ्या मखमलीच्या खोक्यात, प्रत्येकाला आपापली खाच. मी सगळ्यात लांब आणि माझाच आवाज सगळ्यात जाडा. धाकटा पाचशे बारा, उंचीनं बुटका आणि आवाज असा बारीक की कुत्री कान टवकारायची. माणसांच्या घरात जो लांब त्याचा आवाज जाडा असं काही नसतं, हे मला पुढे गिरजाबाईंना पाहून कळलं. त्या उंचीनं माझ्या धाकट्यासारख्या आणि आवाज भोंग्यासारखा. पण त्यांचं नंतर सांगतो.

देशाला स्वातंत्र्य मिळून पंधरा-सोळा वर्षं झाली होती तेव्हा आम्हाला रोह्याच्या एका शाळेनं मागवलं. पेणपर्यंत कसेबसे आलो आणि पुढे एसटीच्या टपावर. पेणच्या थांब्यावर आमच्या शेजारी रंग न लावलेल्या गणपतींच्या पेट्या चढवल्या. रस्ताभर खड्डे. गणपती गवतात गुंडाळलेले म्हणून गप्प, आणि आम्ही आठ जण खोक्यात किणकिणत. खाली बसलेल्या एका बाईनं कंडक्टरला विचारलं म्हणे, टपावर भजनी मंडळ बसवलंय काय.

शाळेत आम्हाला एलियास अष्टमकर सरांच्या ताब्यात दिलं. सर नदीपलीकडच्या अष्टमीचे. मराठी बोलणारे ज्यू, त्यांची पिढ्यान् पिढ्या वस्ती इथलीच. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा विश्रांतीचा वार लागायचा, म्हणून दिवेलागणीच्या आत घर गाठायचे, बाकी दिवस मात्र शेवटची घंटा झाली तरी मुलांच्या प्रश्नांत अडकलेले असायचे. ते मला रबरी टाचेवर आपटत आणि पाण्याच्या पेल्याला टेकवत. पाणी असं उडायचं की पुढच्या बाकावरच्या मुली ओढण्या झटकत. मग सर विचारत, "पाणी कोणी उडवलं?" मुली म्हणत, काट्यानं. सर म्हणत, काट्याच्या थरथरीनं. आवाज म्हणजे थरथर. ती हवेतून चालत येते आणि कानाच्या पडद्यावर टकटक करते.

मुलं काय काय विचारायची. डासाचा आवाज बारीक का. विहिरीत ओरडलं की उलट कोण बोलतं. निडी गावचा केरू म्हणून एक विद्यार्थी होता, शेतकऱ्याचा, अंगानं दांडगा. त्यानं एकदा विचारलं, "सर, पृथ्वीला मोठ्या हातोड्यानं ठोकलं तर ती वाजंल काय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, वाजते. फार मोठा भूकंप झाला तर सगळी पृथ्वी घंटेसारखी थरथरते. पण तिचा एक हेलकावा पुरा व्हायला चोपन्न मिनिटं लागतात. म्हणजे आपला तास संपेल, मधल्या सुट्टीत तुम्ही डबा खाऊन घ्याल, तेव्हा कुठे तिचं एकदा इकडून तिकडे होईल. माणसाच्या कानाला सेकंदात निदान वीस वेळा तरी थरथर लागते. त्याच्याखालचं कानाला कळत नाही. त्यातलं थोडंफार पायाला कळतं.

मी खोक्यात पडून विचार केला, मी सेकंदात दोनशे छप्पन आणि ही बया तासाला एक. आणि तरी मोठी तीच. असो. त्या दिवशी सरांनी सांगितलेलं ते पायाचं वाक्य केरू विसरला. विसरला नसता तर पुढे एवढं रामायण झालं नसतं.

वर्षं गेली. आमच्या खोक्याला वाळवी लागली. एक भाऊ हरवला. एकाचा उपयोग शिपाई खिडकीची कडी ठोकायला करी. पाचशे बाराला कुणीतरी चिंच फोडायला नेलं आणि तो परत आलाच नाही. बाकीचेही असेच एकेक करून गेले. सर निवृत्त झाले तेव्हा खोक्यात मी एकटाच होतो. नवीन सामान येणार होतं, म्हणून हेडमास्तर म्हणाले, एवढा काटा तुमच्याकडेच ठेवा.

अष्टमीला सरांच्या घरी माझं काम एकच. मुलगा निसीम इस्रायलला गेला होता, त्याची निळी पत्रं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून राहायचं. सरांच्या बायको फ्लोराबाई मला दर शुक्रवारी पुसायच्या. पुसताना चुकून टेबलाला लागलो की मी जरासा गुणगुणायचो. त्या म्हणायच्या, "आहेस हो, माहीत आहे."

आणि मग आली शांती.

शांती म्हणजे आपल्या त्या केरूची बायको. सातवीपर्यंत शिकलेली, वय तेवीस-चोवीस. आठवड्यातून दोनदा निडीहून अष्टमीला कडवे वाल, चवळी, घरची भाजी घेऊन यायची आणि फ्लोराबाईंकडे टोपली उतरवायची. कडेवर लेक असायची, अडीच वर्षांची. नाव बायजा.

शांतीसारखी काळजी करणारी बाई मी पाहिली नाही. पूल ओलांडताना पुलाची काळजी. पूल संपला की मागच्या पुलावरून येणाऱ्यांची. वालाला मोड आले नाहीत तर काळजी, लवकर आले तर बाधतील काय म्हणून काळजी. पोरीला वारा लागू नये म्हणून बारा महिने टोपडं. फ्लोराबाई तिला चिडवायच्या, शांते, तुला काळजीचा पगार मिळाला असता तर केरूला कंपनीत शिफ्ट करावी लागली नसती.

त्या दिवशी मात्र शांती टोपली उतरवून पोर कडेवर घेऊन नुसतीच उभी राहिली. वाल मोजायचे सोडून सरांना म्हणाली, "सर, माझी बायजा बहिरी हाय."

मग एकेक सांगू लागली. वर्षाची होईपर्यंत पोर बा-बा, का-का करायची. मग बोलणं वाढायच्या जागी आटलं. आता नुसतं आ करून बोट दाखवते. मागून हाक मारली तर ओ देत नाही. घरात सांगितलं तर सगळे शांतीलाच हसतात. सासूबाई गिरजाबाई म्हणाल्या, माझा केरू पण चार वर्षांचा होऊन बोलला, तुला दर महिन्याला नवा रोग सुचतो. त्यांनी परीक्षाही घेतली. पोर ओटीवर बसली असताना तिच्या पाठीमागे जमिनीवर पितळेची थाळी ठेवली आणि उलथन्यानं अशी बडवली की शेजारची म्हैस सुटली. बायजानं वळून बघितलं. झालं, सिद्ध झालं. शेजारणी आणखी वेगळंच बोलायच्या. केरूची आजी बायजा शेवटी ठार बहिरी होती, तिचं नाव पोरीला ठेवलंत, नावाबरोबर कान पण आले. आता त्याला औषध नाय.

केरूचं म्हणणं तर पक्कं होतं. दोन शेतं सोडून पलीकडे रूळ. मालगाडी यायची असली की घरात कुणाला कळायच्या आत बायजा उठते आणि दारात जाऊन उभी राहते. केरू म्हणतो, आमच्या सगळ्यांच्या आधी हिला गाडी ऐकू येते, हिचे कान तर इंजिनवाल्याच्या वरचे.

"तेच मला कळंना सर," शांती म्हणाली. "माझी हाक ऐकू नाय येत आन् गाडी ऐकू येते. असं कसं? मंग वाटतं, मलाच याड लागलंय."

 सरांनी निसीमच्या पत्रांवरून मला उचललं. किती वर्षांनी मला तो हात लागला. त्यांनी चपलेच्या टाचेवर मला आपटलं आणि शांतीला म्हणाले, हात टेबलावर ठेव. माझी दांडी टेबलाला टेकवली. सगळं टेबल माझ्याबरोबर गाऊ लागलं. शांतीनं हात झटकन मागे घेतला.

"हाताला ऐकू आलं ना?" सर म्हणाले. "आता सांग. गाडी येते तेव्हा बायजा कुठं असते?"

"आंगनात. नायतर ओटीवर, खालीच बसलेली."

"आणि कडेवर असली तर? तेव्हा गाडी कळते तिला?"

शांती आठवू लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी ती सरांकडे बघत होती, मग जमिनीकडे, मग कडेवरच्या पोरीच्या लोंबत्या पायांकडे.

"कडेवर असली की नाय," ती म्हणाली.

तर असं होतं ते. मालगाडीची थरथर रुळांतून जमिनीत, जमिनीतून ओटीत आणि ओटीतून पोरीच्या तळपायात. जमिनीतून ती हवेपेक्षा लवकर पोचते, म्हणून सगळ्यांच्या आधी हिला. थाळी पण जमिनीवरच बडवली होती. घरच्यांनी तपासले पोरीचे पाय आणि निकाल दिला कानांचा.

शांतीचे डोळे भरले. गंमत बघा, इतके दिवस कुणी खरं मानत नाही म्हणून रडायची, आणि आज खरं ठरलं म्हणून रडू लागली. फ्लोराबाई पाणी आणायला उठल्या. सर म्हणाले, थांब, अजून अर्धाच प्रयोग झालाय.

त्यांनी मला पुन्हा आपटलं. बायजाला टोपलीशी खाली बसवून तिचं टोपडं काढलं आणि मागून, तिला दिसणार नाही असं, मला उजव्या कानाजवळ धरलं. मी जीव तोडून गायलो. अंबाल्याच्या कारागिराची शपथ, इतका नीट सूर मी उभ्या जन्मात काढला नव्हता. पोरीनं पापणी हलवली नाही. ती टोपलीतल्या वालांशी खेळत होती. डावा कान. तेच. मला स्वतःची लाज वाटली. सेकंदाला दोनशे छप्पन वेळा थरथरून एका पोरीच्या कानात शिरता येईना.

मग सरांनी मला तिसऱ्यांदा आपटलं आणि यावेळी माझी दांडी बायजाच्या कानामागे जे हाड असतं ना, त्याच्यावर अलगद टेकवली.

बायजाचा हात वालांत तसाच राहिला. डोळे मोठे झाले. ती इकडे बघेना, तिकडे बघेना, आत कुठेतरी बघत राहिली. माझा सूर विरत गेला तशी तिनं मान वळवली, सरांच्या हातातला मी तिला दिसलो, आणि तिनं मला हिसकावून घेतलं. आधी डोक्याला लावून बघितलं. मी गप्प. तिनं मला खाली फरशीवर आपटलं, जोरात. माझं काय झालं असेल विचारू नका. मग दांडी दातांत धरली. दातांतूनही मी आत गेलो. आणि ती हसली, तोंडात मी असतानाच.

सर म्हणाले, "आतलं यंत्र शाबूत दिसतंय. वाटेवर काहीतरी अडकलंय. पण मी मास्तर आहे, डॉक्टर नाही. गुरुवारी रोह्याला कानाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखव. आणि हा काटा राहू दे तिच्याकडे, नाहीतर ती पुलापर्यंत रडत जाईल."

गुरुवारी दवाखान्यात शांती गेली आणि बरोबर गिरजाबाईही निघाल्या. त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरीला काही झालेलं नाही. केरूची सकाळची शिफ्ट होती. मी बायजाच्या मुठीत. वाटेत गिरजाबाईंचं चालूच होतं की त्या ज्यू मास्तराला काय कळतंय, लोखंडाच्या चिमट्यानं कान तपासतात काय कुठं.

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, कानात काय घालता? गिरजाबाई म्हणाल्या, काय घालायचं, सगळी घालतात तेच. न्हाऊ घालताना दोन थेंब तेल, अंगाला डाळीचं पीठ. शांती म्हणाली, आणि वारा लागू नये म्हणून कापूस.

डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले, चार दिवस घालायला सांगितले आणि पुढच्या गुरुवारी दोघी पुन्हा गेल्या तेव्हा आतलं चिमट्यानं काढायला बसले. एक बोळा निघाला. काळा, तेलकट, पिठानं घट्ट झालेला. त्याच्यामागे दुसरा. उजव्या कानातून दोन, डाव्यातून तीन. शांती रोज नवा कापूस लावायची आणि कधी जुना दिसला नाही तर समजायची, पडला असेल. तो पडत नव्हता, आत सरकत होता. वर तेल, वर पीठ, वर पुन्हा कापूस. वारा आत जाऊ नये म्हणून तिनं दार असं लावलं होतं की तिची स्वतःची हाकही बाहेरच उभी राहिली.

पाच बोळे बशीत ओळीनं पडले होते. शांती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "हे मीच केलंय."

मला वाटलं, आता गिरजाबाईंचा भोंगा वाजणार. इतके दिवस सून काळजी करते म्हणून बोलायच्या, आता तर पुरावाच सापडला. दवाखान्यातल्या बायकाही सरसावून बसल्या होत्या. गिरजाबाईंनी बशी हातात घेतली, नाकाशी नेली, वास घेतला. मग हळू म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानानं हळू,

"कापूस तुझा, तेल माझं, पीठ पन माझंच. तू एकटी कशाला घेतेस गो सगळं?"

शांती रडता रडता हसली. बायजानं दचकून आजीकडे बघितलं. तो आवाज तिला मोकळ्या कानांनी इतक्या दिवसांनी ऐकू येत होता आणि तो गिरजाबाईंचा होता, तेव्हा दचकणं साहजिकच. पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. डॉक्टरही हसले. म्हणाले, कान आता ठीक आहेत, बोलायला मात्र वेळ लागेल, भरपूर बोला तिच्याशी. गिरजाबाईंना असं सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर शांतीनं पोरीला ओटीवर बसवलं नाही. झोपाळ्यावर बसवलं, पाय जमिनीला लागणार नाहीत असं. आणि आपण मागे जाऊन दाराशी उभी राहिली. टाळी नाही, थाळी नाही. साध्या आवाजात, आपण भाकरी झाली म्हणतो तशा आवाजात, म्हणाली, "बायजा."

पोरीनं मान वळवली.

शांती दाराआड लपली. पुन्हा म्हणाली. पुन्हा मान वळली. असं किती वेळा चाललं ते मी मोजलं नाही, माझं मोजणं सेकंदातलं. शेवटी बायजा वैतागली आणि झोपाळ्यावरून आ करून ओरडली. शिफ्टवरून आलेला केरू उंबऱ्यात उभा होता, हातात डबा तसाच. तो म्हणाला, "सर म्हनाले होते गो वर्गात. पायाला कळतं म्हणून. मी इसरलो."

पुढे एलियास सर आणि फ्लोराबाई निसीमकडे गेले. जायच्या आधी शांती मला परत द्यायला गेली होती. सरांनी घेतलं नाही.

आता मी निडीला शांतीच्या घरी मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. त्या दिवशी फरशीवर आपटल्यानं माझा एक दात किंचित वाकलाय. दांडीवर २५६ लिहिलंय, पण खरं सांगायचं तर आता मी तेवढा भरत नाही. दोन-चारनं कमीच असेन. अंबाल्याच्या कारागिराला सांगू नका. आसपासच्या वाडीतल्या बायका लेकरं घेऊन येतात. शांती आधी विचारते, कापूस घालतेस काय गो? बाई मान खाली घालते. मग बहुतेक वेळा मला वाजवावंच लागत नाही. ती त्यांना रोह्याला पाठवते.

तिची काळजी मात्र गेली नाही. आता बायजा फार बोलते म्हणून काळजी. सकाळी उठल्यापासून बोलते, जेवताना बोलते, आजीशी तर भांडते, आणि दोघींचा आवाज एकाच जातीचा. शांती म्हणते, पोरीचा घसा बसंल.

माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. मला वाजवायचं तर रबराच्या टाचेवर वाजवा, पाट्यावर नको, वरवंट्यावर तर नकोच. कानामागे टेकवायचं तर अलगद. लेकराच्या कानात काही घालू नका, तेल नको, कापूस नको, काडी तर अजिबात नको. आणि घरातली एखादी घाबरट बाई दहाव्यांदा काही सांगायला आली, तर नऊ वेळा हसला असाल तरी त्या वेळी हातातलं काम ठेवा. ती काय बघून बोलते आहे, तेवढं बघा.

पुरे आता. ओटीवर बायजा कुणाला तरी मोठ्यानं सांगते आहे की मालगाडी आली. अजून तिलाच आधी कळतं. आणि शांती आतून म्हणते आहे, "ऐकलं गो बाय, ऐकलं."